सकाळी टेकडी, संध्याकाळी पेला

दिवाळी अंकात प्रकृतीचे सदर लिहिणे म्हणजे लग्नघरी जाऊन पथ्याच्या गोष्टी सांगण्यासारखे आहे. वाचकाच्या एका हातात अंक, दुसऱ्या हातात चकली, समोर फराळाचे ताट. अशा वेळी उष्मांकांचे नाव काढणारा माणूस कोणाला आवडणार? पण वजनाचा विषय खरोखर मनावर घेतला जातो तोही याच दिवसांत. नव्या सदऱ्याची गुंडी पोटावर लागत नाही, आणि मग ‘आता पाडवा झाला की सुरू’ असा संकल्प सुटतो. तेव्हा पाडव्याच्या आधीच एक हिशेब मांडून ठेवावा म्हणतो. हा हिशेब पुष्कळ घरांत चुकतो, आणि चुकतो तो एकाच रकान्यात.

एक गृहस्थ आपणा सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू. नाव माझे, माणूस मात्र कोणत्याही आळीत सापडेल. वय अठ्ठेचाळीस, वजन ८२ किलो, काम बसून करण्याचे. चार महिन्यांपूर्वी सोनोग्राफी झाली, तीत यकृतावर चरबी आढळली. रक्तातली साखर काठावर. डॉक्टरांनी सांगितले, “सात-आठ किलो उतरवा, नाहीतर पुढे औषधांची पिशवी बाळगावी लागेल.” भाऊसाहेब घाबरले, आणि घाबरलेला मराठी माणूस जे करतो ते त्यांनी केले: भात सोडला, चहातली साखर सोडली आणि पहाटे टेकडी धरली. चार महिन्यांनी काट्यावर उभे राहिले तर अर्धा किलो कमी. वहिनींचा प्रश्न सरळ आहे: “सगळं सोडलं, मग वजन का सोडत नाही?”

आता अशा जोडप्याला समोर बसवून विचारपूस केली तर ती साधारण पुढीलप्रमाणे होते.

“भाऊसाहेब, रात्रीचं जेवण काय?”

“एक भाकरी, पालेभाजी, वाटीभर वरण. भाताला शिवत नाही.”

“आणि जेवणाच्या आधी?”

“आधी... आधी थोडंसं. दोन. तेही स्मॉल.”

“अहो, स्मॉल कसले?” वहिनी मध्येच म्हणतात. “बाटलीवरची खूण मी रोज पाहते. आणि पूर्वी शनिवार-रविवार होतं, आता रोज झालंय.”

“अगं, एवढं पथ्य पाळतो, पहाटे उठून टेकडी चढतो. माणसाला काही मुभा आहे की नाही?”

वाचकहो, सगळा आजार या शेवटच्या वाक्यात आहे. पथ्य सुरू झाले आणि पथ्याचे बक्षीसही सुरू झाले. भाकरी मोजली गेली, साखर चमच्याने मोजली गेली, पावले मनगटावरच्या घड्याळाने मोजली; पेला मात्र कोणीच मोजला नाही. आपल्या भाषेचीही यात थोडी लबाडी आहे. ‘जेवायला येता का?’ म्हटले की पोट आठवते. पण ‘आज बसायचे का?’ म्हटले की त्यात खाण्यापिण्याचा उल्लेखच नाही. नुसते बसणे! बसल्याने कोणाचे वजन वाढते?

मद्याला अन्नाच्या पंक्तीत न बसवण्याची खोड जुनी आहे. कोणी त्याला व्यसन म्हणतो, कोणी चैन म्हणतो, कोणी औषध. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा कडकपणे राबवला जात होता त्या काळी घोटभर घ्यायचे तर परवाना लागे, आणि तो प्रकृतीच्या कारणासाठी मिळे. त्या कागदाच्या जोरावर कित्येक धडधाकट गृहस्थ शासनदरबारी आजारी होते! पण पाप म्हणा, चैन म्हणा की औषध म्हणा, शरीराच्या लेखी ते आधी एक जळण आहे. ते मोजलेच पाहिजे.

मोजणे अवघड नाही. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ‘४२.८ टक्के’ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात साधारण २६ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे २० ग्रॅम. पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅमातून शरीराला ४ उष्मांक मिळतात, चरबीच्या एका ग्रॅमातून ९, आणि अल्कोहोलच्या एका ग्रॅमातून ७. म्हणजे हा पाहुणा तुपाच्या धाकट्या भावासारखा आहे. २० ग्रॅमचे झाले १४० उष्मांक. खरोखरचा लहान पेग ३० मिलिलिटरचा, त्याचे ७०. पण घरी मापाने ओततो कोण? हाताने ओतलेला ‘स्मॉल’ बहुधा मोठ्याच्या घरचाच असतो. तेव्हा भाऊसाहेबांचे दोन धरले २८० उष्मांक. १८० मिलिलिटरची क्वार्टर संपवणारा सव्वाचारशे घेतो.

बिअर हलकी, असा एक समज आहे. ६५० मिलिलिटरची मोठी बाटली पाच टक्क्यांची असली तरी तीत अल्कोहोल मोठ्या पेगाहून जास्त, आणि वर धान्याचा अंश राहिलेला. मिळून अडीचशेच्या पुढे उष्मांक. ‘स्ट्राँग’ म्हणून जी मिळते ती आठ टक्क्यांपर्यंत जाते, आणि तिची एक बाटली चारशेच्या घरात. दीडशे मिलिलिटर वाइनचे सव्वाशेच्या आसपास. व्हिस्कीत सोडा घातला तर त्याचा उष्मांक शून्य. पण थंड गोड पेय घातले तर २०० मिलिलिटरमागे आणखी ८० तरी धरावे.

आता पेल्याशेजारची बशी. मूठमूठ करीत ५० ग्रॅम शेंगदाणे सहज जातात. त्यांचे उष्मांक पावणेतीनशेच्या वर. सध्याच्या दिवसांत तर चखण्यासाठी दुकानात जायलाही नको. डब्यात चिवडा आहे, चकली आहे, शेव आहे. सगळे तळलेले, सगळे खारे, आणि खारे खाल्ले की पुन्हा तहान.

हिशेब एकत्र करू. भाऊसाहेबांनी वाटीभर भात सोडला, वाचले १३०. चहातली चार चमचे साखर सोडली, वाचले ८०. पाऊण तास टेकडी, जळाले सव्वादोनशे. दिवसाची बचत झाली ४३५, आठवड्याची ३,०४५. दुसऱ्या बाजूला दोन पेगांचे २८० आणि दाण्यांचे २८५, मिळून ५६५. पूर्वी हे दोन दिवस होते, आता सात. म्हणजे आठवड्याला पाच दिवसांची भर, २,८२५. शिल्लक उरली आठवड्याला २२०. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० उष्मांक, हे लक्षात घेतले तर चार महिन्यांत अर्धा किलोच उतरायचा! शरीर काही वाण्याच्या वहीइतके तंतोतंत चालत नाही, हे खरे. वजन उतरू लागले की ते खर्चही आखडते घेते. पण भाऊसाहेबांचा काटा कोणत्या दिशेला आणि का अडला, हे समजायला एवढी वही पुरे आहे. पहाटे टेकडीवर जे जाळले, ते रात्री पेल्यातून परत आले.

येथे एखादा चौकस वाचक विचारील की, अल्कोहोलपासून शरीराला खरोखर शक्ती मिळते, हे कशावरून? हाच प्रश्न अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता. तेथील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने एक खोली उभी केली होती. तीत माणूस दिवसेंदिवस राहावा, खावाप्यावा, झोपावा, आणि त्याच्या अंगातून निघणारी उष्णता व श्वास यांचे बाहेर मोजमाप व्हावे, अशी तिची रचना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी या खोलीतल्या माणसाला मापून अल्कोहोल दिले. असे दिसले की ते जवळजवळ सर्वच्या सर्व शरीरात जळते आणि पिठाच्या किंवा चरबीच्या ऐवजी जळण म्हणून चालते. यावर दारूबंदीवाले भयंकर खवळले, कारण शाळांतल्या पुस्तकांतून त्यांनी ‘मद्य हे अन्न नव्हेच’ असे शिकवले होते. अ‍ॅटवॉटर काही दारूची तरफदारी करीत नव्हते. पण ज्यात उष्मांक आहेत, त्यात ते नाहीत असे म्हणून चालत नाही, हा त्यांचा मुद्दा आज वजन उतरवणाऱ्या माणसाच्या बरोबर उपयोगी पडतो.

आता यापुढची गोष्ट, जी नुसत्या बेरजेत दिसत नाही. आपण खातो त्या प्रत्येक जिनसेला शरीरात कोठी आहे. साखर आली, तर ती यकृतात आणि स्नायूंत साठते. चरबी आली, तर तिच्यासाठी पोट, कंबर, मांड्या. तिच्या कोठीला तर भिंतच नाही. अल्कोहोलला मात्र कोठी नाही. ते साठवता येत नाही, आणि त्याचे पहिले रूपांतर होते ते अ‍ॅसिटाल्डिहाइड म्हणून एक विषारी द्रव्य असते, तेही अंगात राहू देण्याजोगे नाही. तेव्हा दारात अनाहूत पाहुणा येऊन उभा राहिला की घरची माणसे हातातली कामे टाकून आधी त्याची व्यवस्था लावतात, तसे यकृत करते. बाकीचे काम थांबते, त्यात मुख्य काम चरबी जाळण्याचे. यकृतातून पुढे अ‍ॅसिटेट निघते, ते रक्तातून सर्वांगाला जळण म्हणून मिळते. आणि आयते जळण मिळाल्यावर कोठीतली चरबी कोण काढतो?

१९९२ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आठ निरोगी पुरुषांवर अ‍ॅटवॉटरच्या धर्तीच्याच बंद खोलीत प्रयोग झाला. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी पाव हिस्सा अल्कोहोलचा ठेवला, तेव्हा दिवसभरात जळणाऱ्या चरबीत सुमारे एक तृतीयांश घट झाली. ती घट अल्कोहोल जेवणात वर घातले तेव्हा झाली, आणि दुसरे अन्न कमी करून त्याच्या जागी दिले तेव्हाही झाली. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २४ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे आपल्या मोठ्या पेगाहून किंचित जास्त, देऊन पाहिले. त्यातले पाच टक्क्यांहूनही कमी प्रत्यक्ष चरबीत रूपांतरित झाले. पण पुढचे काही तास शरीराने स्वतःची चरबी जाळणे फार कमी केले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पेगातली दारू फारशी पोटावर जाऊन बसत नाही. ती जळून जाते. पोटावर बसते ते तिच्या संगतीने आलेल्या चिवड्यातले तेल, कारण ते जाळायची पाळी येतच नाही. यकृताला एका तासात साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढता येते. दोन मोठ्या पेगांचे ४० ग्रॅम म्हणजे चार-पाच तासांचे काम. भाऊसाहेब साडेआठला बसले, तर रात्री एकपर्यंत त्यांचे यकृत पाहुण्याच्या सरबराईत. मधल्या वेळात दाणे, भाकरी आणि तेल जे आले, ते कोठीत.

या सदराच्या वाचकांत वकील पुष्कळ असावेत, कारण या मुद्द्यावर हमखास दोन हरकती येतात.

पहिली हरकत अशी, की व्हिस्कीत साखर नाही, पीठ नाही, मग ती वजनाला का बाधावी? या हरकतीला मोठा इतिहास आहे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे प्रेतसंस्काराचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते. साठी उलटल्यावर ते इतके लठ्ठ झाले की जिना उलटे पावली उतरत. एका कानाच्या डॉक्टरांनी त्यांचे पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी आणि बिअर बंद केले. जेवणाबरोबर क्लॅरेट नावाची तांबडी वाइन मात्र चालू ठेवली. वर्षभरात गृहस्थांचे वजन सुमारे २१ किलोंनी उतरले, आणि १८६३ साली त्यांनी स्वतःच्या अनुभवाचे एक छोटे पुस्तक काढले. ते इतके गाजले की इंग्रजीत पथ्य करण्याला ‘बँटिंग करणे’ म्हणू लागले. पुढे १९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट कॅमेरॉन यांनी ‘पिणाऱ्या माणसाचे पथ्य’ अशा अर्थाच्या नावाची एक डॉलरची पुस्तिका काढली. मांस खा, मार्टिनी प्या, फक्त पीठ-साखर मोजा, असा तिचा उपदेश. तिच्या लाखो प्रती खपल्या. न खपतील तर नवल!

बँटिंगसाहेबांचे वजन उतरले ते वाइनमुळे नव्हे. पाव, साखर आणि बिअर मिळून जे ढीगभर उष्मांक जात होते ते बंद झाले म्हणून. वाइन घेऊनही उतरले, एवढेच त्यातून सिद्ध होते. आणि हे मी नाकारीत नाही. हिशेबात धरून एखादा पेला घेणाऱ्याचे वजन उतरूच शकत नाही, असे शास्त्र म्हणत नाही. पाहण्यांतून असेही दिसते की क्वचित आणि थोडे घेणाऱ्यांत लठ्ठपणा वाढलेला दिसतोच असे नाही. वजनाशी संबंध ठळक दिसतो तो भरपूर पिणाऱ्यांत आणि एका बैठकीत अतोनात पिणाऱ्यांत. अमेरिकेत मधुमेही माणसांच्या वजनाचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारी एक मोठी चाचणी झाली. २०१९ साली तिच्यातून असे प्रसिद्ध झाले की वजन उतरवण्याचा नेटाने प्रयत्न करणाऱ्यांपैकी ज्यांनी चार वर्षे मद्य घेतलेच नाही, त्यांचे वजन घेणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक उतरले. ‘थोडे अधिक’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. दारू सोडली की चरबी आपोआप वितळते, असे कोणी सांगत असेल तर तोही तुम्हाला काहीतरी विकतो आहे. पण साखर नसणे म्हणजे उष्मांक नसणे, ही समजूत मात्र साफ चूक.

दुसरी हरकत: “आमच्या गल्लीतला अट्टल दारुडा काडीसारखा आहे, तो का नाही लठ्ठ?” तो काडीसारखा आहे कारण तो जेवत नाही. त्याच्या दिवसाच्या पोटगीतला मोठा वाटा बाटलीतून येतो, आणि बाटलीत प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत, लोह नाही. आतड्यांना जे मिळते तेही नीट शोषून घेता येत नाही. त्याचे स्नायू झिजले आहेत, यकृत सुजले आहे. हातपाय वाळलेले आणि पोट पुढे आलेले असेल तर ते पोट चरबीचे नसून पाण्याचेही असू शकते. असे बारीक होणे कोणी शत्रूलाही चिंतू नये.

आता बैठकीचे काही छुपे खर्च सांगतो. एक, भूक. जेवणाआधी घोटभर घेतले की भूक लागते, हे पिणाऱ्यांना ठाऊक आहेच. २०१७ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील प्रयोगांत असे दिसले की अल्कोहोल दिलेल्या उंदरांच्या मेंदूतील भुकेच्या पेशी, ज्या एरवी उपाशीपोटी जाग्या होतात, त्या जाग्या झाल्या आणि उंदीर जास्त खाऊ लागले. म्हणजे पोटात उष्मांक जात असताना मेंदू मात्र ‘उपाशी आहे’ म्हणून ओरडतो. माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते: दुसऱ्या पेगानंतर निर्धार ढिला पडतो. सकाळी भाताला न शिवणारे भाऊसाहेब रात्री अकराला बिर्याणीला नाही म्हणत नाहीत.

दोन, झोप. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते, घोरणे वाढते. वजन जास्त असलेल्यांना घोरता घोरता श्वास अडकण्याचा विकार असला तर तो बळावतो. अशा रात्रीनंतर पहाटेची टेकडी बुडते, किंवा कशीबशी उरकली जाते, आणि दिवसभर काहीतरी तोंडात टाकावेसे वाटत राहते.

तीन, स्नायू. वजन उतरवताना उतरायची असते चरबी, राखायचे असतात स्नायू. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यायामानंतर भरपूर मद्य दिले, तेव्हा सोबत प्रथिने देऊनही स्नायूंच्या बांधणीचे काम सुमारे एक चतुर्थांशाने घटले. प्रयोगातली मात्रा मोठी होती, हे खरे. पण व्यायामशाळेतून थेट बैठकीला जाणाऱ्या तरुण मंडळींनी हा आकडा खिशात ठेवावा.

चार, काट्याची फसवणूक. मद्याने लघवी जास्त होते, अंगातले पाणी जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा किलोभर खाली दिसतो. “बघ, घेऊनही उतरलं!” असा आनंद होतो. संध्याकाळपर्यंत पाणी परत येते, किलोही परत येतो.

परंतु हे सारे एका बाजूला ठेवले तरी भाऊसाहेबांच्या बाबतीत खरा प्रश्न कमरेचा नाही, यकृताचा आहे. जादा वजनाने यकृतावर चरबी चढते आणि मद्यानेही चढते. दोन्ही एकाच अंगणात कचरा टाकणारे शेजारी आहेत. दोघे एकत्र आले की यकृताला इजा होण्याचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून अधिक वाढतो. चांगली गोष्ट ही, की वेळेवर हात धुऊन मागे लागले तर ही चरबी हटते. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे भाऊसाहेबांच्या हिशेबी चार किलो, उतरले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. सूज असेल तर ती ओसरायला सात ते दहा टक्के, म्हणजे सहा ते आठ किलो उतरावे लागतात. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा असा हवेतून आलेला नव्हता. म्हणून ज्यांच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आले आहेत, त्यांना ‘किती घेऊ?’ या प्रश्नाचे उत्तर ‘घेऊच नका’ हेच आहे. इतरांनीही एवढे जाणावे की कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या यादीत मद्याचे नाव आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच घातले आहे, आणि प्रकृतीला पूर्ण निर्धोक अशी मद्याची मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. जे घेत नाहीत त्यांनी ‘हृदयाला बरे’ म्हणून सुरू करण्याचे काही एक कारण नाही.

आजकाल बैठकीत स्त्रियाही असतात. त्यांनी ध्यानात ठेवावे की त्यांच्या शरीरात पाण्याचा अंश पुरुषापेक्षा कमी असल्याने तोच पेला त्यांच्या रक्तात अधिक चढतो आणि यकृताला कमी मात्रेतही अधिक बाधतो.

मग करावे काय? ज्यांची प्रकृती तशी ठीक आहे आणि ज्यांना ही गोष्ट स्वतः पडताळून पाहायची आहे, त्यांनी चार आठवडे पेला पूर्ण बंद ठेवावा आणि बाकी काही बदलू नये. भाकरी तीच, टेकडी तीच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी वजन घ्यावे, आणि बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजावी. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी असे धरतात. आकडे वहीत लिहावेत. दुसऱ्याच्या उपदेशापेक्षा स्वतःच्या अक्षरातला आकडा माणसाला लवकर पटतो. चार आठवड्यांनंतर ज्यांना पुन्हा घ्यायचेच असेल त्यांनी मापाने ओतावे, जेवून घ्यावे, बशीत दाण्यांऐवजी काकडी-गाजर ठेवावे, आणि मुख्य म्हणजे वहीत लिहावे.

तीन इशारे मात्र काळजीपूर्वक वाचावेत. ‘रात्री घ्यायची आहे, म्हणून दिवसभर उपास’ ही युक्ती कोणी करू नये. रिकाम्या पोटी मद्य झपाट्याने चढते, आणि दिवसभराची भूक रात्री चौपट वसुली करते. दुसरे, मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना यात जिवाचा धोका आहे. यकृत पाहुण्यात गुंतलेले असते, रक्तात साखर सोडायला त्याला फुरसत नसते, साखर एकदम उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो आणि भोवतालची मंडळी म्हणतात, “त्याला जास्त झाली, झोपू दे.” तिसरे, जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, न मिळाल्यास ज्याचे हात थरथरतात, घाम सुटतो, त्याने हा लेख वाचून एका दिवसात स्वतःच्या मनाने बंद करू नये. अशाला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे. आणि सोडावे, हे निश्चित.

शेवटी दोन शब्द वहिनींशी. वहिनी, बाटलीवरची खूण पाहणे सोडा. पोलिसाच्या पहाऱ्यात कोणी वजन उतरवल्याचे ऐकिवात नाही, आणि पहारा म्हटला की चोरवाट आलीच. तुम्ही एवढेच करा, की साडेआठला डब्यातून बशी भरून देणे बंद करा आणि जेवणाचे पान साडेसातला मांडा. भरल्या पोटी बैठकीची ओढ निम्मी होते. भाऊसाहेब, तुम्ही चार महिने पहाटेचा अंधार तुडवलात, ती मेहनत खरी आहे आणि तिचे मोल मिळायला हवे. वही आजच आणा. पाडव्याला नवी वही घालण्याची आपली रीतच आहे; यंदा पहिल्या पानावर दुकानाचा जमाखर्च न लिहिता स्वतःचा लिहा, आणि त्यात पेल्याचा रकाना आखायला विसरू नका.

फराळ मात्र करा. एक चकली, दिवसाउजेडी, पेल्याविना. दिवाळी सुखाची जावो.